पाटावरची बॅटरी

मी एकदा पूजेच्या कलशातलं पाणी गाडीच्या बॅटरीत ओतलं होतं. चुकून नव्हे. चांगला पदर खोचून, मनोभावे, आणि वर काठोकाठ.

खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी घरातलं सगळं लोखंड पाटावर येतं: विळी, कात्री, अडकित्ता, ह्यांचे पाने आणि पक्कड. त्या वर्षी घरात पहिल्यांदाच गाडी आली होती. दुसऱ्याची वापरलेली, पण दारात उभी राहिल्यावर आमचीच. मी तेव्हा चाळिशीतली. त्या वेळच्या माझ्याबद्दल काय सांगावं! अक्कल बेताची आणि आत्मविश्वास पोतंभर. त्यात मी कुणाची बायको, तर बॅटरीवाल्या साहेबांची. हे रेल्वेत होते. डब्यांच्या पोटाखाली बॅटऱ्यांचे मोठे पेटारे असतात, त्यांच्यावर डब्यातले दिवे आणि पंखे चालतात. त्यांची निगा ह्यांच्या माणसांकडे असे. रोज जेवताना कानावर यायचं, "आज सगळ्यांना पाणी दिलं," "उन्हाळ्यात फार पाणी पितात." ऐकून ऐकून मला वाटायला लागलं होतं की यातलं निम्मं शिक्षण आपलं पोळ्या लाटता लाटता झालंच आहे.

तर बॉनेट उघडून मी बॅटरीला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. बॅटरीच्या डोक्यावर झाकणं होती. एक फिरवून आत डोकावले. तहानलेली दिसली बिचारी. सणाचा दिवस, आणि घरातलं कुणी तहानलेलं राहावं? कलशातलं पाणी सगळ्या भोकांत वाटून दिलं. कुणावर अन्याय नको म्हणून प्रत्येकाला वाहेपर्यंत. जे बाहेर सांडलं ते पदरानं टिपलं.

दोन दिवसांनी साडी धुतली तर पदराची चाळणी झालेली. तेव्हाही मी दुकानदारालाच शिव्या घातल्या. मग बॅटरीच्या टोकांवर पांढरा हिरवट फुलोरा आला आणि दिवाळीच्या आधी गाडीनं मान टाकली. ह्यांना कळेना, चांगली बॅटरी गेली कशी. त्यांनी ती उघडून पाहिली, आणि एका भोकात त्यांना अक्षता सापडली. एकच.

"अगं," हे म्हणाले, "झाँसीच्या पाण्यानं किटली पांढरी होते. बॅटरीचं काय होईल? पाणी म्हणजे डिस्टिल्ड."

ह्यांनी घरात एवढंच म्हटलं. पण यार्डात जाऊन सांगायचं काही अडलं होतं का? त्यांची सगळी माणसं चहाला आली आणि मला बघून गालातल्या गालात हसत बसली. "साहब, भाभीजी ने तो बैटरी का अभिषेक कर दिया! प्रसाद कब मिलेगा?" त्यानंतर कुठल्याही डब्याचा दिवा गेला की यार्डात म्हणत, "भाभीजी से जल चढ़वा लो." ह्यांच्या निवृत्तीच्या समारंभातही कुणीतरी हे बोललंच, आणि मी स्टेजवर हार घालून बसलेली.

हे सगळं आधीच सांगून टाकलं, कारण यापुढे मी भरपूर फुशारकी मारणार आहे.

गेल्या दिवाळीनंतर ह्यांनी गाडी चालवणं सोडलं. डोळ्यांत काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, समोरचं अजून दिसतंय पण बाजूचं जात चाललंय, आता गाडी नको. हे घरी आले, गाडी फाटकाच्या आत लिंबाखाली लावली, चावी फ्रिजवरच्या वाटीत टाकली, आणि त्या दिवसापासून उंबऱ्याबाहेर पडायचं नावच सोडलं. बाजाराला मानिक चौकात यायचं का? "तू जाऊन ये." छावणीत एका फौजी कुटुंबाकडे सत्यनारायण आहे. "तू जा. सांग, बरं नाही म्हणून." ई-रिक्शात बसवायचा प्रयत्न केला तर म्हणाले, "मी काय सामान आहे का?" ज्या माणसानं उभं आयुष्य गाड्या हलत्या ठेवल्या, तो खुर्चीत बसून लिंबाची पानं मोजायला लागला.

मला ते बघवेना. मला गाडीचा शौक नव्हता, आजही नाही. मला ह्यांना घराबाहेर काढायचं होतं, आणि हे बाहेर पडले असते तर फक्त आपल्या गाडीतून. मग चालवणार कोण? घरात दुसरं होतं कोण?

पासष्टी उलटलेली बाई गाडी शिकायला निघाली म्हटल्यावर गल्लीला करमणूक झाली. शिकवायला येणारा तरुण पहिल्या दिवशी मला वाकून नमस्कार करून गाडीत बसला. उतरताना देवाला करत होता. "क्लच, आंटीजी! आंटीजी, क्लच!" असा त्याचा अखंड जप चाले. पण मी शिकले. लायसन्सही काढलं, फोटोत मी दरोडेखोर दिसते, ते सोडा. आणि लायसन्स हातात आल्यावर आठवडाभरात न्हाणीघरात पाय घसरून उजवं मनगट मोडून घेतलं. प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, "उन्हाळा संपेपर्यंत स्टेअरिंगला हात लावायचा नाही."

म्हणजे गाडी चांगली चार-पाच महिने उभी राहणार. तीही झाँसीच्या उन्हाळ्यात, जिथे दुपारी दगडसुद्धा सावली शोधतो.

मुलाचा पुण्याहून फोन आला. तो इथेच वाढला, त्यामुळे त्याचं मराठी अजून निम्मं झाँसीचं आहे.

"आई, बस झालं आता. गाडी विकून टाकू. पडी-पडी खराब होईल. सबसे पहले तर बॅटरीच मरेल."

"तुझ्या बापानं हजारो बॅटऱ्या जगवल्यात."

"बाबांना दिसत नाही आणि तुला हात नाही. कोण बघणार?"

"मी बघीन."

तो हसला. कलशाची गोष्ट तोही विसरला नव्हता. "आई, तू? तू बॅटरी बघणार?"

मला राग आला की मी जरा जास्तच बोलते. "तू जूनमध्ये येणार आहेस ना? मी ह्याच गाडीनं तुला घ्यायला स्टेशनवर येईन. आले तर पुन्हा विकायचं नाव काढायचं नाही."

"आणि नाही आलीस तर?"

"तर स्टेशनवरूनच गिऱ्हाईक घेऊन ये."

"डन," तो म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की बॅटरी राखायची कशी, हे मला काडीचंही माहीत नाही.

ह्यांना विचारलं तर खुर्चीतून म्हणाले, "कशाला उगीच? विकायचीच आहे तर विकू दे त्याला."

मी काही वाद घातला नाही. इतक्या वर्षांच्या संसारात कुठली कळ कुठे आहे ते कळतं. म्हटलं, "बरं. मग मी आपली माझ्या पद्धतीनं बघते. आधी थोडं पाणी देते तिला. कलश कुठे ठेवलाय बरं?"

हे उठले. दिवाळीनंतर पहिल्यांदा चटकन उठले. "हात लावू नकोस! थांब, मी येतो!"

लिंबाखाली आम्ही दोघं बॉनेट उघडून उभे राहिलो. ह्यांना बारकं दिसायला अवघड, माझा उजवा हात गळ्यात बांधलेला. म्हणजे दोघांचा मिळून एकच कारागीर. ह्यांचे हात आणि माझे डोळे. "आधी मंगळसूत्र आत घाल," हे म्हणाले, "आणि पाटल्या काढ. दोन टोकांवर सोनं पडलं तर ठिणगी उडेल, पाटली वितळेल, आणि तू सोनाराला शिव्या देशील." पाटल्या काढल्या. काचेच्या बांगड्या राहू दिल्या, काचेचं तिला वावडं नाही.

"काढताना आधी काळी वायर. लावताना आधी लाल. विसरायचं नाही."

माझं डोकं विसरण्यात हुशार, म्हणून मी लगेच माझा मंत्र बनवला: घरातून जाताना काळं तोंड आधी घालवायचं, येताना कुंकू आधी आणायचं. मी मोठ्यानं म्हणून दाखवलं. हे हसले नाहीत, पण ओठाचा एक कोपरा हलला. मी पान्याचं तोंड नटावर बसवून द्यायची, हे फिरवायचे. "उजवीकडे घ्या. अहो, तुमच्या उजवीकडे नाही, गाडीच्या." "गाडीची उजवी कुठली, ते तुला कळतं?" असं करत काळी सुटली, लाल सुटली. बॅटरी काय हलकी असते? बाजाराच्या जाड कॅनव्हासच्या पिशवीत तिला उभी ठेवली, एक बंद ह्यांनी धरला, एक मी, आणि नवीन जावई आणावा तशी तिला घरात आणली.

जावई म्हटल्यावर पाट आलाच. लाकडाचा पाट हवाच होता म्हणा, थेट गार फरशीवर नको असं ह्यांचंही म्हणणं होतं. मी तिला देवघराशेजारी बसवायला निघाले तर हे ओरडले, "चार्ज होताना ती गॅस सोडते. तिथे तुझी निरांजनं! देव एकदम स्वर्गात पोचतील, आणि आपणही." मग पाट मधल्या खोलीत, मोठ्या खिडकीखाली, गव्हाच्या डब्याशेजारी मांडला. टोकांवर जमलेला फुलोरा खायच्या सोड्याच्या गरम पाण्यानं आणि जुन्या टूथब्रशनं घासून काढला. सोडा पडल्याबरोबर ती अशी फसफसली की मी दोन पावलं मागे. पुसून कोरडी केली, टोकांना व्हॅसलिनचं बोट लावलं. मी नव्या सुनेच्या हातापायांनाही इतकं मायेनं कधी लावलं नव्हतं.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला छावणीतल्या तरुण फौजी बायका आल्या होत्या. त्यांतली एक नवी, साताऱ्याकडची. पाटावरची बॅटरी बघून जरा चपापली आणि हळूच विचारलं, "काकू, ही कसली स्थापना?" मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "जागृत आहे. हात लावू नकोस." तिनं लांबूनच नमस्कार केला. ह्यांनी मागून जोरात खोकून घेतलं.

दर महिन्याला ह्यांचा जुना छोटा चार्जर तिला लावायचा. तोसुद्धा सावकाश. "घाई करायची नाही," हे म्हणत, "जोरात ढोसलं तर आतून उकळते, प्लेटा झडतात." चार्ज झाली, जरा विसावली, की एकेक झाकण उघडून आत काचेची नळी घालायची. रबराचा फुगा दाबला की आतलं आम्ल वर चढतं आणि नळीत एक काचेचा तरंगता काटा वरखाली होतो. हिरव्या पट्टीत थांबला तर पोट भरलेलं, लाल पट्टीत बुडाला तर उपाशी. मी बघायची, हे ऐकायचे.

"पहिलं घर?"

"हिरवं."

"दुसरं?"

"हिरवं. अगदी लिंबासारखं."

घर म्हणजे बॅटरीचा एकेक कप्पा. ह्यांच्या माणसांची भाषा. पाणी खुणेच्या खाली गेलं असेल तर डिस्टिल्ड पाणी, तेही खुणेपर्यंतच. पाणी घालताना ह्यांचा हात माझ्या मनगटावर असे. विश्वासाचा प्रश्नच नव्हता, कारण तो नव्हताच.

गाडीत बॅटरी नसली तरी माझी तालीम थांबली नव्हती. प्लास्टर निघाल्यावर मी उभ्या गाडीत बसून गिअर बदलायची. क्लच, पहिला, क्लच, दुसरा. हे शेजारी बसलेले. "आता वळण," मी सांगायची आणि हे हात बाहेर काढायचे. फाटकासमोरून जाणाऱ्या भाजीवाल्यानं विचारलं, "काए अम्मा, कहाँ जा रईं?" मी म्हटलं, "कलकत्ता." हे पहिल्यांदा मोकळे हसले. मला वाटलं, जिंकले मी.

इतक्या लवकर काही वाटून घेऊ नये माणसानं.

मे महिना लागला. चार्ज झाल्यावर मी नळी लावत गेले. पहिलं घर हिरवं. दुसरं हिरवं. तिसऱ्यात काटा खाली बसला. फुगा पुन्हा दाबला. पुन्हा खालीच. मी काहीच बोलले नाही, पण माझ्या न बोलण्याचा अर्थ ह्यांना लग्नापासून कळतो.

"तिसरं मऊ पडलं?"

"हो."

पुढच्या आठवड्यात परत बघितलं. बाकीची सगळी टुणटुणीत आणि हे एक तोंड पाडून बसलेलं. हे नुसतं "असं होतं कधीकधी" म्हणाले आणि उठून आपल्या खुर्चीत गेले. त्या दिवशी ते गाडीत तालमीला आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही.

एका दुपारी मी पन्हं घेऊन बाहेर येत होते तर हे फोनवर बोलत होते. आवाज खाली, पण बहिऱ्याला वाटतं आपण हळू बोलतोय, तसं झालंय ह्यांचं. "तू गिऱ्हाईक बघून ठेव. तिला एवढ्यात सांगू नकोस, हिरमुसेल. एक घर उठत नाहीये, आता काही ती चालू होत नाही."

मी पन्ह्याचे पेले कठड्यावर असे आपटले की निम्मं पन्हं मुंग्यांना गेलं.

"माझ्या पाठीमागे गिऱ्हाईक?"

ह्यांनी फोन खाली ठेवला. म्हणाले, "सगळं धूसर झालंय गं. पण ती लिंबाखाली उभी आहे ना, ती तेवढी मला अगदी स्पष्ट दिसते. रोज. जाऊ दे तिला."

मी भांडायला आले होते, आणि आता रडायची वेळ आली. पण ह्यांच्यापुढे रडायचं नाही, हे माझं फार जुनं धोरण आहे. त्याचा ह्यांना फार फायदा होतो. म्हटलं, "जूनपर्यंत ती माझी आहे. बोली माझी आहे. तुम्ही फक्त सांगा, मऊ पडलेलं घर उठवायचं कसं?"

"उठेलच असं नाही."

"तुमच्या यार्डात एक घर मऊ पडलं की अख्खा डबा भंगारात काढत होता का?"

हे लागलं. बॅटरीवाल्या साहेबांना नेमकं जागेवर लागलं. "भंगारात?" ते ताठ झाले. "अगं, पुष्कळदा उठायचं! कमीत कमी करंट, नेहमीच्या दुप्पट वेळ. सगळी भरली तरी थांबायचं नाही, मागे पडलेलं पुढच्यांना गाठेपर्यंत हळूहळू देत राहायचं. हात लावून बघायचा, गरम झाली की बंद, गार झाली की परत."

"मग सांगा की असं!"

सांगणं सोपं होतं. मे महिन्यात झाँसीतली वीज ही आगंतुक पाहुण्यासारखी. कधी येईल आणि किती वेळ बसेल, विचारायची सोय नाही. मी दिवसभर कुठेही असले तरी पंखा फिरायला लागला की धावत मधल्या खोलीत, चार्जर चालू. पंखा थांबला की बंद, नाहीतर वीज परतताना झटका बसेल अशी मला भीती. आमटी फोडणीत, पंखा फिरला, आमटी गेली खड्ड्यात. हात लावून बघायची: कोमट, ठीक आहे, गरम, बंद. तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावावा तसा. हे खुर्चीतून नुसते ऐकत असत. मग एकदा मी अंगणात असताना पंखा फिरला असावा, कारण मी धापा टाकत आत गेले तर हे पाटाजवळ बसलेले आणि चार्जर चालू. "हात लावून बघितला," हे भिंतीकडे बघत म्हणाले. "गार आहे."

पुढे कितीदा कुणी चालू केला याचा हिशोब राहिला नाही.

मग एका सकाळी नळी घातली. पहिलं हिरवं. दुसरं हिरवं. तिसरं.

"हिरवं," मी म्हटलं.

"खोटं सांगू नकोस."

"खोटं कशाला सांगू?"

"तू नेहमीच सांगतेस. आमटीत मीठ घातलं नसलं तरी घातलं म्हणून सांगतेस."

"मग या, स्वतः बघा! समोरचं दिसतं म्हणाले होते ना डॉक्टर?"

मी नळी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. हे जवळ आले, डोळा काचेला भिडेल इतके जवळ. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हं." ज्यांनी रेल्वेतली माणसं पाहिली असतील त्यांना सांगायला नको, तिथे याच्यापेक्षा मोठी शाबासकी कुणाला मिळत नाही.

जून सरत आला. मुलाची आगगाडी सकाळी येणार. ऊन अजून कोवळं होतं तेव्हाच आम्ही पिशवीत बॅटरी घालून लिंबाखाली नेली. पाटल्या काढल्या. मंगळसूत्र आत. लाल आधी, काळी शेवटी. मी मंत्र मोठ्यानं म्हटला, हे बरोबर म्हणाले. टायरांत हवा आदल्या दिवशी भरून घेतली होती. मी आत बसले, देवाचं नाव घेतलं आणि चावी फिरवली.

टक.

पुन्हा फिरवली. टक. एवढंच. एवढ्या महिन्यांची सेवा, आणि देवी एक शब्द बोलून गप्प. स्टेशनवर गिऱ्हाईक घेऊन उभा असलेला मुलगा मला डोळ्यांपुढे दिसायला लागला.

"उतरू नकोस," हे बाहेरून म्हणाले. ते बॉनेटखाली वाकले होते. "हा आवाज रिकाम्या बॅटरीचा नाही. रिकामी कण्हते. ही कण्हत नाहीये." त्यांचा हात वायरीवरून चाचपडत गेला आणि काळ्या टोकापाशी थांबला. टोक हातानं गोल फिरलं. "सैल! तू घट्ट केलंस का हे?"

"केलं की! मनगटात होता तेवढा जोर लावून केलं!"

"मनगट मोडकं, तरी मला सांगायचं नाही. पाना दे." मी पाना नटावर बसवून दिला, ह्यांनी दात ओठ खाऊन पिळला. "आता."

चावी फिरवली. गाडी एका दमात सुरू झाली. लिंबावरचे कावळे उडाले. मी असा हॉर्न वाजवला की समोरच्या घरातल्या बाई पोळीसकट गॅलरीत आल्या. हे बॉनेटवर हात ठेवून उभे होते, आतली थरथर तळहातानं ऐकत. तोंडावरून काही कळू देत नव्हते, पण हात काही काढत नव्हते.

"बसा," मी म्हटलं.

"मी कशाला? तू जाऊन ये."

तेच वाक्य! पण आता इंजिन माझ्या बाजूनं होतं. "वाटेत बंद पडली तर ढकलायला कोण? मी म्हातारी?"

हे आत जाऊन घरातली चप्पल काढून बाहेरची घालून आले आणि शेजारी बसले. इतक्या महिन्यांनी बाहेरची चप्पल. मी समोर बघितलं. बघायलाच हवं होतं. गाडी चालवताना समोर बघायचं, ते क्लचवाल्यानं शिकवलं होतं.

छावणीतल्या रस्त्यानं घेतली. रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, आणि तिथे कुणी मागून हॉर्न मारून तुमची आई-बहीण काढत नाही. एक जवान सायकलवरून पुढे गेला; हो, सायकल पुढे गेली, त्यात लाज कसली? "तिसरा टाक," हे म्हणाले. मी तिसरा टाकला. सायकल मागे पडली. मला वाटलं, आपण विमानात बसलोय.

स्टेशनसमोर मात्र ई-रिक्शांचा महापूर. एक तर माझ्या नाकासमोरच आडवी उभी. "अम्माजी, पीछे लो, पीछे!" तो ओरडला. "भैया, पीछे लेना सिखाया ही नहीं," मी ओरडले. "तुम ही आगे बढ़ जाओ!" तो इतका हसला की खरंच पुढे गेला.

मुलगा बाहेर आला होता. बॅग खांद्यावर, एका रिक्शावाल्याशी घासाघीस चालू. मी त्याच्या पाठीमागे, अगदी पिंढरीपाशी गाडी थांबवली आणि हॉर्न दाबून धरला. तो उडालाच. वळून शिवी द्यायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. आधी मला बघितलं, मग शेजारी बाबांना बघितलं, आणि मग बाबांकडेच बघत राहिला.

"आई," तो म्हणाला, "ये... तूने चलाई?"

"नाही, बैल जुंपलेत. गिऱ्हाईक कुठाय तुझं? बोलाव की. भेटू दे मला."

तो मागे बसला. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बाबांच्याही. रिक्शावाल्यांत "अम्मा, शाबाश!" असा एक आवाज उठला. मी हात हलवला. एक हात स्टेअरिंगवरून काढल्याबद्दल शेजारून ओरडा बसला, तोही मला गोड वाटला.

परतीच्या वाटेवर मुलगा मागून सारखा विचारत होता: बॅटरी कुणी काढली, कुठे ठेवली, तिसरं घर म्हणजे काय. मी सांगत होते, जरा वाढवून. हे मधेमधे दुरुस्त करत होते. आमच्या गल्लीचं वळण आलं. मी वेग कमी केला, क्लच दाबला, हात बाहेर काढायला सांगायला ह्यांच्याकडे वळले. हे खिडकीची काच खाली करून बसले होते, वारा तोंडावर घेत. त्यांनी माझ्याकडे न बघताच म्हटलं,

"अगं, एवढ्यात घरी नको वळवू. एवढ्याशा फेरीनं बॅटरी भरत नाही. ओरछ्याच्या रस्त्याला घे. त्याला भूक लागली असेल तर तिथे खाईल काहीतरी."